मदत हवी आहे: फुफ्फुसाच्या ऑपरेशननंतर दोन औषधांची ट्रायल, सही करावी का?

नमस्कार मंडळी,

आम्ही पुण्यात धायरीला राहतो. सासऱ्यांच्या (वय ६४) उजव्या फुफ्फुसाचा खालचा भाग कॅन्सरमुळे काढलाय. टाके सुकलेत, सकाळी थोडं फिरूनही येतात. पण जवळच्या लिम्फ नोडमध्ये (लसिका गाठीत) कॅन्सरच्या पेशी सापडल्या, म्हणून स्टेज दोन. ईजीएफआर, एएलके या जनुकांच्या तपासण्या निगेटिव्ह, त्यामुळे त्या बदलांवर नेम धरणाऱ्या टार्गेटेड गोळ्या नाहीत. गाठीतलं पीडी-एल१ हे प्रथिन मात्र बरंच जास्त आहे, म्हणजे इम्युनोथेरपी लागू पडायची शक्यता जास्त.

सिसप्लॅटिन या औषधाच्या केमोच्या चार सायकल ठरल्यात, पुढे इम्युनोथेरपी (आपल्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध). ती विकत घ्यायची तर खर्च लाखांत. म्हणून डॉक्टरांनी ट्रायलचा विषय काढला: सगळ्यांना इम्युनोथेरपी, अर्ध्यांना सोबत एक नवीन औषध. कोणाला काय मिळतंय ते डॉक्टरांनाही कळणार नाही.

सासूबाई म्हणाल्या, "माझ्या माणसावर प्रयोग नकोत." बाबा (सासरे) तयार आहेत. आयुष्यभर कंपनीत क्वालिटीला होते, "टेस्टिंगशिवाय माल बाहेर जातो का?" म्हणतात. नवरा गप्प. संमतीपत्राचा गठ्ठा माझ्याकडे.

मला भीती दोन औषधं एकत्र देण्याची. इम्युनोथेरपीने प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटू शकते, फुफ्फुसालाही सूज येते. आधीच फुफ्फुस कमी झालेल्या माणसाला झेपेल? काय काय विचारून घेऊ? (काढे सुचवू नका, ते आत्याबाईंकडून आलेत.)

प्रतिसाद:
मी ट्रायलमध्ये कोऑर्डिनेटर होते. आधी हे बघा, की ट्रायलपायी नेहमीचा उपचार सुटतोय का. तुम्ही लिहिलंय त्यावरून सुटत नाही. प्लासिबो (औषधासारखं दिसणारं, पण औषध नसलेलं) असलाच तर तो नव्या औषधाच्या जागी. ऑपरेशननंतरच्या केमोने पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण साधारण पाचच टक्क्यांनी वाढतं, म्हणून तर नव्या जोड्या तपासतात. पण जोडीने त्रासही वाढू शकतो, तुमची भीती रास्त आहे. त्या जोडीचे आधीच्या टप्प्यातले दुष्परिणाम विचारा. धाप किंवा नवा कोरडा खोकला आला तर पुढच्या तारखेपर्यंत थांबायचं नाही. रात्री फोन कोण उचलणार, तो नंबर आत्ताच घ्या. सीटीआरआयवर (भारतातल्या ट्रायल्सची सरकारी नोंदवही, ऑनलाइन आहे) या ट्रायलची नोंदणी तपासा. २०१९ च्या सरकारी ट्रायल नियमांनुसार ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाईही. मधेच बाहेर पडता येतं, कारण न देता.

धागाकर्ती:
खूप आभार. सासूबाईंना वाचून दाखवलं. अजून हो म्हणालेल्या नाहीत, पण "सलाईनला दर वेळी मुंबईला जावं लागेल का ते विचार" म्हणाल्या. यादीत घातलंय.