माशाच्या तेलाच्या अहवालातून 'क्षेत्रफळ टक्के' काढून टाकावेत का?

नळीधारक: माझं मत: काढावेत. मेदाम्लांचे मिथाइल एस्टर (सहज वाफ होणारं रूप) करायचे, जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफ, म्हणजे घटक कॉलम नावाच्या नळीत वेगळे करणारं यंत्र) चढवायचे, आलेखावरच्या सगळ्या पीकच्या (शिखरांच्या) क्षेत्रफळांची बेरीज १०० धरायची आणि 'ईपीए १८, डीएचए १२' (ही दोन ओमेगा-३ मेदाम्लं) असं छापून मोकळं व्हायचं. पण ही बेरीज फक्त कॉलममधून बाहेर आलेल्यांची! ग्लिसरॉलचा वाटा आणि ऑक्सिडेशननं एकमेकांना चिकटून जड झालेले रेणू त्यात येतच नाहीत. तेल खवट होऊन ईपीए घटलं की छेदही घटतो, मग टक्का हवा तितका पडत नाही. तेल वजन करून घ्या, त्यात सी२३:० चं (२३ कार्बनचं, दुहेरी बंध नसलेलं मेदाम्ल) इंटर्नल स्टँडर्ड (तुलनेसाठी ठाऊक वजनाचा पदार्थ) मोजून घाला आणि उत्तर ग्रॅममागे मिलिग्रॅममध्ये द्या. एओसीएस या अमेरिकी तेलरसायन संस्थेच्या सीई १बी-८९ पद्धतीत हीच सोय आहे.

शिखरमोजे: असहमत. तेल कोणत्या माशाचं, हे टक्केच सांगतात. ट्यूनात डीएचए ईपीएच्या कितीतरी पुढे, अँकोव्हीत उलट. कॉड लिव्हरमध्ये २०:१ आणि २२:१ (कार्बन:दुहेरी बंध) ही मेदाम्लं ठळक दिसतात. भेसळ पकडायला हे प्रमाण पुरतं, वजनकाट्याची गरजच नाही. शिवाय तुमचं सी२३:० आधीच मिथाइल एस्टर असतं. बोरॉन ट्रायफ्लोराइडची (एस्टर बनवणारी) क्रिया अर्धवट राहिली तर तेलाचे एस्टर कमी पडतात, स्टँडर्ड मात्र पुरेपूर. उत्तर कमी येणारच.

नळीधारक: येऊ दे की! कमी आलेलं उत्तर निदान शंका तरी निर्माण करतं. टक्क्यांत तीच चूक बिनबोभाट खपते. फारच काळजी असेल तर सी२३:० चं ट्रायग्लिसराइड (तेलासारखं, ग्लिसरॉलला जोडलेलं रूप) वापरा, तेही त्याच क्रियेतून जाईल. माशाची ओळख पटवायला टक्के ठेवा, माझी ना नाही. लेबलवरचा दावा तपासताना नको.

तळटीप_वाचक: तुम्ही दोघं भांडताय त्याहून मोठी फट दुसरीकडे आहे. 'मिलिग्रॅम ईपीए' म्हणजे नेमकं कुठल्या रूपातलं? मुक्त मेदाम्लाचं रेणुभार ३०२, इथाइल एस्टरचं ३३०. तेच तेल, तोच क्रोमॅटोग्राम (पीकचा आलेख), आणि एस्टर म्हणून लिहिलं की आकडा ९ टक्क्यांनी फुगतो. कितीतरी अहवालांत याचा उल्लेखच नसतो.

नळीधारक: +१. हे मूळ धाग्यात लिहायला हवं होतं.

खवटशास्त्री: आणि खवटपणातले ॲल्डिहाइड मोजणाऱ्या ॲनिसिडीन चाचणीचं काय? लिंबाचा स्वाद घातलेल्या तेलात स्वादातले ॲल्डिहाइडही ३५० नॅनोमीटरला मोजले जातात. टोटॉक्स (एकूण ऑक्सिडेशनचा आकडा) म्हणजे पेरॉक्साइडची दुप्पट अधिक ॲनिसिडीन, त्यामुळे तोही उगाच २६ च्या मर्यादेवर जातो. ताजं तेल नापास!

शिखरमोजे: शास्त्रीबुवा, त्यासाठी वेगळा धागा काढा. नळीधारक, रूपाचा मुद्दा मान्य. पण वॅक्स कॉलमवर (जीसीतल्या एका प्रकारच्या नळीवर) डीएचए २४:१ ला खेटून येतं. पीक नीट वेगळी झाली नाही तर मिलिग्रॅमही तितकेच चुकतात, फक्त दिसायला जास्त खात्रीचे वाटतात. आधी क्रोमॅटोग्राम जोडायची सक्ती करा, एककाचं नंतर बघू.