बर्फ न काढलेल्या रस्त्यावर अपघात झाला, तर दोष कोणाचा?

तिरकी_चाल

हिवाळ्यात गाडी घसरून अपघात झाला की पहिलं वाक्य ठरलेलं: 'चालकाने परिस्थितीला साजेसा वेग ठेवला नाही.' पोलिसांच्या कागदावर तेच, विमा कंपनीच्या पत्रात तेच. रस्ता साफ करायचं काम ज्यांचं होतं, त्यांचं नाव या सगळ्यात कुठे येतच नाही.

वाद नीट व्हावा म्हणून एक उदाहरण धरू. संध्याकाळी बर्फ पडायचा थांबला. रात्रभरात प्लाऊ, म्हणजे पुढे पातं लावलेली बर्फ लोटणारी गाडी, फिरकला नाही. जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांनी तो दाबून दाबून त्याची पार काच करून टाकली. सकाळी सातला उताराच्या वळणावर एक गाडी, वेग पाटीवरच्या मर्यादेच्या आतच, ब्रेक दाबल्यावर वळायच्या ऐवजी सरळ निघून जाते आणि समोरच्या गाडीवर आदळते.

माझ्या मते मोठा वाटा रस्ता सांभाळणाऱ्यांचा. हवामानाचा अंदाज त्यांच्याकडे होता, यंत्रं होती, अख्खी रात्र होती. चालकाकडे दोन-तीन सेकंद होते.

इंग्लंडमध्ये १९९१ साली एका माणसाची गाडी ब्लॅक आइसवरून (रस्त्यावरचा पातळ, डोळ्यांना न दिसणारा बर्फ) घसरून पुलाच्या कठड्यावर आदळली आणि तो कायमचा जायबंदी झाला. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च कोर्टापर्यंत गेलं. २००० साली निकाल आला की रस्ता सुस्थितीत ठेवण्याच्या कर्तव्यात त्यावरचा बर्फ हटवणं बसत नाही. खड्ड्याला जबाबदार, बर्फाला नाही! शेवटी २००३ मध्ये संसदेला हायवेज ॲक्टमध्ये पोटकलम घालावं लागलं, की बर्फामुळे रस्त्यावरची ये-जा धोक्यात येणार नाही हे बघणं प्राधिकरणाचं कर्तव्य आहे. मग आपण अजून 'वेग, वेग' काय करत बसलोय?

स्टेपनी

दोन-तीन सेकंद? घरातून निघायच्या आधी खिडकीतून रस्ता दिसत नव्हता का त्याला?

आणि 'मर्यादेच्या आत' हे तर फारच भारी. पाटीवरचा आकडा चांगल्या रस्त्यासाठी असतो, तो काही तुमचा हक्क नव्हे. साधा हिशोब करा. ताशी ५० किमीला ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंत कोरड्या डांबरावर साधारण १४ मीटर लागतात. दाबलेल्या बर्फावर ४०च्या आसपास. गुळगुळीत बर्फावर जवळजवळ १००. पाय ब्रेकवर जाईपर्यंत जे अंतर कापलं जातं ते वेगळंच. आता वेग निम्मा करा: अंतर चौथाई होतं, शंभराचे पंचवीस. हे गणित स्टिअरिंग धरणाऱ्याने करायचं असतं, प्लाऊवाल्याने नाही.

टायरचं तर तुम्ही नावच काढलं नाहीत. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने २००८ पासून हिवाळी टायर सक्तीचे केले, जर्मनीने २०१० मध्ये बर्फाळ रस्त्यावर ते हवेतच असा नियम स्पष्ट केला. उगाच नाही. तुमच्या उदाहरणातल्या गाडीला कोणते टायर होते? झिजलेले ऑल सीझन असतील तर रस्त्याने काय करायचं?

तिरकी_चाल

टायर नवे हिवाळी होते असं धरा. उदाहरण माझं आहे, मी सांगीन ते टायर. :)

गणित मान्य. पण तुमच्याच गणिताने १४ मीटरचे १०० मीटर केले कोणी? चालकाने नाही केले. जिथे सक्ती आहे तिथे तर सरकार म्हणतं, टायर तुमच्या खर्चाने बदला, उशीर झाला तर दंड. मग तेच सरकार प्लाऊला उशीर झाल्यावर 'निसर्गापुढे कोणाचं चालतंय' कसं म्हणतं?

खारा_वारा

काही हिवाळे प्लाऊ चालवला आहे, त्यामुळे गप्प बसवत नाही.

लोकांना वाटतं पातं टेकवलं, बर्फ गेला. पातं कितीही टेकवा, दाबून बसलेला थर खाली राहतोच. तो मिठाने सुटतो. आणि मिठाचं असं आहे की कागदावर खारं पाणी उणे २१ अंशांपर्यंत गोठत नाही, पण रस्त्यावर उणे ९-१०च्या खाली साधं मीठ नुसतं पडून राहतं. मग कॅल्शियम क्लोराइड मिसळायचं, तेही महाग, नाहीतर वाळू-खडी टाकायची. खडीने बर्फ जात नाही, चाकाला थोडी पकड येते एवढंच. शिवाय मिठाला रहदारी लागते. गाड्यांनी ते चिरडलं की खारं पाणी लवकर होतं. पहाटे चारला रिकाम्या रस्त्यावर टाकलेलं मीठ सातला बरेचदा तसंच्या तसं खडे होऊन पडलेलं असतं. आणि पूल! पुलाला वरून-खालून दोन्हीकडून थंड हवा लागते, म्हणून बाकी रस्ता नुसता ओला असतो तेव्हा पूल गोठलेला असतो.

एक फेरी दोन-तीन तासांची. बर्फ जोरात असला की शेवटच्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक पुन्हा पांढरं. पात्यावरून उडालेला भुसभुशीत बर्फ काचेवर येतो, वायपरच्या रबरावर गोठून त्याचे गोळे होतात आणि काच पुसण्याऐवजी तिच्यावर ओरखडे ओढल्यासारखा धूसर पट्टा उमटतो. बाजूला थांबून, उतरून वायपर काचेवर आपटायचा. तेवढ्यात मागचा हॉर्न वाजवतो. नंतर तोच आपल्याला ओव्हरटेक करून न काढलेल्या बर्फात घुसतो, पुढे आडवा झालेला सापडतो, आणि म्हणतो रस्ता साफ नव्हता. साफ भाग त्याच्या मागे होता की राव!

हे झालं एक. दुसरं असं की 'रात्री गाड्या काढायच्या की नाही' हा फोन आम्ही करत नाही. तो वरून येतो. ओव्हरटाइम वाचवायला पहाटेपर्यंत थांबवलेल्या रात्री पण मी बघितल्यात. तिरकी_चाल यांच्या उदाहरणातली रात्र तशी असेल, तर मी त्यांच्या बाजूला.

कलमकसाई

खारा_वारा यांनी नकळत कायद्यातल्या नेमक्या जागेवर बोट ठेवलं. आधी मूळ लेखातली एक सोयीस्कर गाळलेली जागा: इंग्लंडच्या त्या २००३च्या पोटकलमात 'व्यवहार्य असेल तितपत' असे शब्द आहेत. धाग्यात ते गायब झाले. सगळी लढाई त्याच शब्दांवर असते.

आता कॅनडाचे दोन निकाल शेजारी शेजारी ठेवा. १९८५च्या नोव्हेंबरात ब्रिटिश कोलंबियात एक गाडी रस्त्यावरच्या बर्फावरून घसरली. रस्ते खातं तेव्हा उन्हाळी वेळापत्रकावरच चाललं होतं, त्यामुळे माणसं कमी. १९९४ला सुप्रीम कोर्ट म्हणालं, हिवाळी वेळापत्रक कधी लावायचं हा धोरणाचा निर्णय, त्यावरून भरपाई मागता येणार नाही. आता दुसरा. २०१५च्या जानेवारीत त्याच प्रांतातल्या नेल्सन शहराने पार्किंगच्या जागा साफ करताना बर्फाची रास फुटपाथच्या कडेने लावून ठेवली. गाडीतून उतरून फुटपाथवर जायला वाटच ठेवली नाही. रास ओलांडताना एका बाईचा पाय चांगलाच दुखावला. शहराने तेच जुनं उत्तर दिलं: धोरण. २०२१ला सुप्रीम कोर्टाने ते मानलं नाही आणि खटला पुन्हा चालवायला लावला. रास कुठे लावायची, वाट ठेवायची की नाही, हे काही निवडून आलेल्यांनी पैशांचा ताळमेळ घालून ठरवलेलं नव्हतं. ती रोजच्या कामाची पद्धत होती, आणि कामात हयगय झाली का हे कोर्ट तपासू शकतं.

म्हणून 'प्लाऊ आला नाही' एवढ्यावर काही ठरत नाही. का आला नाही? बजेटमध्ये फेऱ्याच कमी ठेवल्या असतील तर बहुधा हात चोळत बसाल. फेरी ठरलेली होती आणि कोणी ती केलीच नाही, तर केस उभी राहते.

स्टेपनी

म्हणजे जो सभागृहात बसून हजार किलोमीटरच्या फेऱ्या कापतो तो सुटला, आणि जो एक फेरी चुकला तो अडकला? हा न्याय मला पण पचत नाही, आणि मी तर चालकाला दोष देणाऱ्यांतला!

कलमकसाई

पचायला जडच आहे. पण उलट करून बघा. प्रत्येक हिवाळ्यातलं बजेट न्यायाधीश ठरवू लागले तर? वाट म्हणून काही ठिकाणी किमान दर्जा लिहून ठेवलाय. कॅनडातल्याच ऑन्टारियो प्रांतात रहदारी आणि वेगमर्यादेवरून रस्त्यांचे वर्ग पाडलेत. पहिल्या वर्गाला २.५ सेंमी बर्फ साचला की ४ तासांत काढायचा, पाचव्या वर्गाला १० सेंमी झाल्यावर २४ तास. नगरपालिकेने तेवढं केलं असेल तर तिच्यावर दावा टिकत नाही.

तिरकी_चाल

आणि पाचव्या वर्गाच्या रस्त्यावर राहणाऱ्याला हे माहीत असतं का? त्याच्या दारातल्या रस्त्यावर चोवीस तास बर्फ कायदेशीर आहे असं त्याला कोणी सांगितलंय? माहिती एकाकडे, गाडी दुसऱ्याकडे, आणि दोष कायम गाडीवाल्याकडे. माझं भांडण नेमकं हेच आहे.

पायी_पायी

गाडी, गाडी, गाडी. जरा चालणाऱ्यांचं पण बघा. स्वीडनमध्ये कार्लस्कूगा शहराने क्रम उलटा केला, फुटपाथ आणि सायकलवाटा आधी, मोठे रस्ते नंतर. त्यामागचा विचार साधा: गाडी जरा जाड बर्फातून निघते, बाबागाडी ढकलणारी बाई निघत नाही. घसरून हाडं मोडणाऱ्यांत पायी जाणारेच फार असतात. मुख्य रस्त्यावरचा सगळा बर्फ फुटपाथवर लोटायचा आणि म्हणायचं रस्ता साफ झाला!

स्टेपनी

अवांतर. धागा गाडीच्या अपघाताचा आहे.

कलमकसाई

अवांतर कसं? वर नेल्सनचा निकाल पायी चालणारीचाच आहे की. आणि ऑन्टारियोत फुटपाथवरच्या बर्फासाठी साधा निष्काळजीपणा पुरत नाही, 'घोर निष्काळजीपणा' सिद्ध करावा लागतो. चालणाऱ्याला गाडीवाल्यापेक्षा कमी संरक्षण, हे पायी_पायी यांना आवडणार नाही, पण आहे तसं आहे.

घासाघीस

क्लेमचं काम करतो, म्हणून दोन शब्द. नैतिक दोष कोणाचा हे आमच्याकडे कोणी विचारत नाही. मागून ठोकलं की पहिला बोट मागच्यावर, रस्ता कसा का असेना. समोरच्या लेनमध्ये गेलात की दोष तुमच्यावर धरूनच सुरुवात. 'रस्ता घसरडा होता' हे बरेच लोक बचाव म्हणून सांगतात, आणि ते उलट अंगावर येतं, कारण पुढचा प्रश्न असतो: घसरडा आहे हे माहीत होतं, मग वेग किती होता?

नगरपालिकेवर दावा करायला विमा कंपनी सहसा जात नाही. बंपर-दिव्यांच्या खर्चासाठी वकील कोण लावतो? माणूस जायबंदी झाला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे दोष टक्क्यांत वाटला जातो, चालकाचा इतका, रस्त्यावाल्यांचा इतका. 'शंभर टक्के तू' विरुद्ध 'शंभर टक्के सरकार' ही भांडणं धाग्यावरच होतात.

लोक हरतात ते मुदतीत. ऑन्टारियोत नगरपालिकेला लेखी नोटीस १० दिवसांच्या आत द्यायची असते. त्या दहा दिवसांत माणूस प्लास्टरमध्ये असतो.

खारा_वारा

आणि पुरावा वितळतो. दुपारी ऊन पडलं की संपलं.

पण नोंदी असतात हं. हल्लीच्या गाड्यांत जीपीएस असतं, पातं कधी खाली होतं, मीठ किती सुटलं, सगळं नोंदलं जातं. आम्हाला सुरुवातीला राग यायचा, पाळत ठेवतात म्हणून. नंतर कळलं, ते आम्हालाच वाचवतं. 'प्लाऊ आलाच नाही' म्हणणाऱ्याला नकाशा दाखवायचा, ३ वाजून ४० मिनिटांनी आला होता, तू झोपला होतास.

तिरकी_चाल

मग ती नोंद आधीच उघडी ठेवा ना. स्कॉटलंडमध्ये मोठ्या रस्त्यांवरच्या मीठवाल्या गाड्या नकाशावर लाइव्ह दिसतात (लोकांनी त्यांना एकेक वात्रट नावं पण ठेवलीत). हे सगळीकडे असू द्या. सकाळी सहाला मला दिसू दे की माझ्या उतारावर काल संध्याकाळपासून कोणी आलेलं नाही. मग मी निघालो तर दोष माझा, स्टेपनी म्हणतील तेवढे टक्के घेतो. पण नोंद कपाटात ठेवायची, आणि अपघातानंतर मी वकील लावला की मगच बाहेर काढायची, असं असेल तर ज्याच्याकडे नोंद आहे त्यानेच सिद्ध करावं की त्याने काम केलं होतं. सिद्ध करायचं ओझं त्याच्यावर.

स्टेपनी

नकाशा बघून निघणारे किती? हवामानाचा इशारा फोनवर येतो तो तरी कोण वाचतं. छपरावरचा बर्फ न झाडता हायवेला लागणारे रोज दिसतात. ब्रेक मारला की ती लादी त्यांच्याच काचेवर नाहीतर मागच्याच्या काचेवर. याला कोणत्या प्लाऊची वाट बघत होते?

सिद्ध करायचं ओझं उलटवायला मात्र माझी हरकत नाही. रात्री गाड्या न काढायचा फोन करणारा कोण होता, हे त्या नोंदीत येणार असेल तर.

घासाघीस

तो फोन नोंदीत नसतो. :)

व्यवहाराचं सांगतो. अपघात झाला तर रस्त्याचा फोटो घ्या, गाडीचा नंतर. टायरचे ठसे, बर्फाची जाडी (बाजूला पेन किंवा किल्ली ठेवून), खडी-मीठ टाकलेलं दिसतं की नाही, फोटोवर वेळ. नोटीस त्याच आठवड्यात.

खारा_वारा

फोटो नंतर. तुम्ही जिथे घसरलात तिथेच मागची गाडी घसरणार आहे. धोक्याचे दिवे लावा, कठड्यापलीकडे जाता आलं तर जा, गाडीच्या मागे किंवा दोन गाड्यांच्या मधे अजिबात उभे राहू नका.