घरच्या लेथवर शाईचं पेन केलंय, पण थेंब पडतो. निबखालच्या जिभेबद्दल सल्ला हवा

भोसरीचा_फिटर
नमस्कार मंडळी. टूलरूममध्ये ३४ वर्षं काढली, आता निवृत्त आहे. घरी छोटा लेथ आहे. वडिलांचं काळं एबोनाइटचं (कडक केलेल्या रबराचं) पेन अजून चालतं, ड्रॉपरने शाई भरायचं. तसं एक पेन स्वतःच्या हाताने करायचं फार दिवस मनात होतं, गेल्या दिवाळीला हात घातला. बॉडी, टोपण, आटे सगळं मनासारखं झालं. निब आणि तिच्या खालची प्लास्टिकची जीभ (काहीजण फीड म्हणतात) तयार आणून दाबून बसवली आणि इथेच घोडं अडलं.

सकाळी पेन उघडलं की पहिल्या दोन ओळी कोऱ्याच जातात. आणि शाई अर्ध्याखाली गेली की लिहिता लिहिता टपकन थेंब पडतो. काल नातीच्या प्रयोगवहीवर पडला, तिने आख्खं पान परत लिहिलं. वडिलांच्या पेनाला यातलं काही होत नाही.

बजेट २००० रुपये. जर्मन निब-युनिट घेऊ, एबोनाइटची जीभ घेऊ, की नुसती शाई बदलून बघू? नवीन पेन घ्यायचं नाहीये, हे आधीच सांगतो.

खडकीची_मुक्ता
काका, लॅमी सफारी घ्या आणि मोकळे व्हा. माझं नऊ वर्षांचं आहे, दोनदा जिन्यावरून पडलं, एक थेंब गळलेला नाही. १९८० साली शाळकरी मुलांचा हात डोळ्यांपुढे ठेवून काढलेलं पेन आहे ते, बोटं आपोआप जागेवर बसतात. बजेटच्या थोडं वर जाईल, पण एकदाच जाईल.

दौत_आणि_टाक
सफारीपेक्षा पायलट मेट्रोपॉलिटन. माझ्याकडे तीन आहेत. बारीक निब, आपल्याकडच्या पातळ कागदावर शाई फुटत नाही.

सोनपावली
इतकी हौस आहे तर १४ कॅरेटची निब एकदा हातात घेऊन बघा. मी पहिल्या बोनसमधून घेतली होती, १७ वर्षं झाली, रोज तीच वापरते. स्टीलवर परत जाववत नाही. दोन हजारांत येणार नाही, पण आयुष्यात एकदा करावा असा खर्च आहे.

भोसरीचा_फिटर
मुक्ताताई, सोनपावलीताई, मनापासून आभार. पण मला माझंच पेन चालतं करायचं आहे.

कागदी_होडी
शाई बदला. दहातल्या नऊ तक्रारी शाईच्या असतात. मी कॉलेजात असताना घाईत जलरोधक ड्रॉइंगची शाई पेनात भरली होती. तिच्यात लाख असते, वाळली की दगड होते. आजोबांनी दिलेलं पेन होतं. आठवडाभर पाण्यात ठेवलं, अमोनिया घातला, शेवटी जीभ निबेसकट कायमची चिकटली ती चिकटलीच. अजून ड्रॉवरमध्ये आहे, टाकवत नाही. कुणीही ही चूक करू नका.

नाशिककर_७१
+१, शाई बदला. पेलिकन ४००१ कोरडी चालते, म्हणजे कमी वाहते, थेंब पडणाऱ्या पेनाला बरी. वॉटरमनची निळी ओली चालते, अडणाऱ्या पेनाला बरी.

रानवाटा
पण काकांचं पेन अडतंही आणि थेंबही टाकतं. मग कुठली भरायची?

नाशिककर_७१
आधी कोरडी भरून बघायची, मग ओली. मी तसंच करतो.

पन्हाळगड_पायथा
जीभ काढून उकळत्या पाण्यात धरा, नीट बसते. व्हिडिओत बघितलंय.

ठाणेकर_स्नेहल
कृपया असं करू नका! प्लास्टिकची जीभ उकळत्या पाण्यात घालायची नसते. मी घातली होती, केळीसारखी वाकली आणि पेन गेलं. तो उपाय फक्त एबोनाइटसाठी आहे. प्लास्टिकला साधं गार पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, बस.

अणुरेणू
ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो, शाईची पेनं वर्गात उदाहरण म्हणून रोज वापरतो. काका, जिभेकडे नंतर वळू. आधी एक सांगा, बॉडीचं पोट किती मोठं ठेवलंत? आतला व्यास आणि लांबी हवी. वडिलांच्या पेनाचीही द्या.

भोसरीचा_फिटर
माझं ९ मिमी व्यास, ६५ मिमी खोल. शाई जास्त मावावी म्हणून मुद्दाम मोठं ठेवलं. वडिलांचं आत्ता व्हर्नियरने मोजलं, ७ मिमी आणि ५२ मिमी.

अणुरेणू
म्हणजे तुमच्यात ४ मिलीच्या वर मावते, वडिलांच्यात २ मिली. थेंबाचं मूळ इथे आहे.

शाई बाहेर गेली की तेवढी हवा आत यावी लागते, नाहीतर आत पोकळी धरते आणि शाई अडते. जीभ हेच काम करते, एका खाचेतून शाई खाली आणि हवा वर. पण आत आलेली हवा हाताच्या उबेने फुगते. २५ अंशांची हवा ३५ झाली की साधारण ३.४ टक्के फुगते. तुमच्या पेनात ३ मिली हवा असेल तर ०.१ मिली शाई बाहेर ढकलली जाते. एक थेंब धरा ०.०५ मिली. म्हणजे दोन थेंब. वडिलांच्या पेनात शाई अर्धी उरली तरी हवा १ मिलीच, तिच्यामुळे ०.०३ मिली बाहेर येते. तेवढी जीभ सांभाळून घेते.

जिभेच्या खालच्या अंगाला फणीसारखे दाते असतात ना, ते याचसाठी. जास्तीची शाई त्यांच्या फटींत थांबते आणि लिहिताना परत निबेकडे जाते. १९४१ साली आलेल्या पार्कर ५१ मध्ये ही फणी निबेवरच्या आवरणाखाली लपवलेली आहे, चांगली लांबलचक. शाई अडवणाऱ्या भागाच्या रचनेत मला त्याहून सुंदर काही माहीत नाही.

तुमच्या जिभेला दाते किती आहेत?

भोसरीचा_फिटर
तीन. तेही उथळ.

घाटमाथा
अणुरेणू सर, म्हणूनच माझं असं झालं का? पुण्याहून महाबळेश्वरला एसटीने गेलो, पेन खिशात, शाई पाव भरलेली. उतरलो तेव्हा पांढऱ्या शर्टावर हातभर डाग. लग्नाला चाललो होतो हो, दुसरा शर्टही नव्हता.

अणुरेणू
तेच कारण, फक्त उबेऐवजी दाब. पुणं सुमारे ५६० मीटरवर, महाबळेश्वर सुमारे १३५०. तेवढं चढताना हवेचा दाब जवळजवळ ९ टक्क्यांनी उतरतो आणि आतली हवा साधारण तितकीच पसरते. घाट चढताना पेन काठोकाठ भरा नाहीतर पूर्ण रिकामं ठेवा, आणि निब वर करून खिशाला लावा.

सोनपावली
हाच प्रश्न वॉटरमन पेनं काढणाऱ्या लुईस वॉटरमनने सोडवला होता. विम्याच्या करारावर सही घेताना पेनाने शाई ओकली, गिऱ्हाईक गेलं, आणि चिडून त्याने १८८४ मध्ये नवीन पेन काढलं.

दप्तरदार
ती विम्याची गोष्ट कंपनीच्या जाहिरातींनी नंतर पसरवली, तिला आधार नाही. पेटंट १८८४ चं हे बरोबर. जिभेच्या खाचेच्या तळाशी आणखी बारीक चिरा पाडण्याची कल्पना त्यात आहे. पण फाउंटन पेन त्याच्याही आधी होतं. पोएनारू नावाच्या रुमेनियन विद्यार्थ्याने पॅरिसमध्ये १८२७ सालीच पेटंट घेतलं होतं.

सोनपावली
लहानपणी वडिलांनी सांगितलेली गोष्ट आहे. खोटी असेल असं कधी वाटलं नाही.

वर्धेकर
अवांतर: परदेशी नावंच किती घ्यायची? राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी एबोनाइटचं स्वदेशी पेन केलं, गांधीजींचे सहकारी कुमारप्पा यांच्या हातून गांधीजींकडे पोचलं आणि १९३५ साली गांधीजींनी पत्र पाठवून पसंती कळवली. तेव्हा कुमारप्पांचा ग्रामोद्योग संघ आमच्या वर्ध्यात होता. काका करताहेत ते त्याच परंपरेतलं काम आहे. त्यांना सफारी घ्या सांगणं मला पटलं नाही.

खडकीची_मुक्ता
वर्धेकर, काका अडलेत म्हणून सुचवलं. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं.

शाळामास्तर_लातूर
मुलांच्या हातातून शाईचं पेन गेलं तेव्हापासून अक्षर बिघडलं, हे मी ३० वर्षं बघतोय. आमच्या वेळी टिपकागद दप्तरात नसला तर वर्गात घेत नसत.

रानवाटा
गुरुजी, अक्षराचा आणि पेनाचा संबंध नसतो. माझ्या आईचं अक्षर बॉलपेनानेही मोत्यासारखं आहे.

शाळामास्तर_लातूर
आईंनी आधी कशाने गिरवलं होतं, ते विचारून बघा.

निब_जुळारी
सांगलीला फावल्या वेळात जुनी पेनं दुरुस्त करतो. काकांच्या दुसऱ्या तक्रारीवर, म्हणजे सकाळच्या कोरड्या ओळींवर, कुणी बोललंच नाही. तीन गोष्टी बघा.

टोपणाच्या आत आतलं टोपण आहे का? निब झाकून तिची हवा तोडणारी छोटी कुपी. नसेल तर रात्रभर निबेवर शाई वाळणारच. प्लॅटिनम या जपानी कंपनीच्या पेनांत ही कुपी स्प्रिंगवर दाबून बसते, म्हणून महिनोनमहिने न उघडता चालतात.

दुसरं, बॉडी कोरताना कटिंग ऑइल वापरलं का? तेलाचा पुसट हात राहिला तरी शाई तिथे पसरत नाही, मणी होऊन बसते. साबणाच्या पाण्याने तीन-चार वेळा धुवा.

तिसरं, निबेची चीर १० पट भिंगाखाली बघा. भोकाशी किंचित रुंद आणि टोकाशी निमुळती हवी, कारण शाई रुंद फटीतून अरुंद फटीकडे ओढली जाते. टोकं एकमेकांना घट्ट चिकटली असतील तर ०.०५ मिमीचा पितळी शिम (पातळ पत्रा) एकदाच, हलक्या हाताने फिरवा. दहादा फिरवलात तर निब गेली.

जिभेचं म्हणाल तर एबोनाइटचीच घ्या. एबोनाइट शाईला धरून ठेवतं, प्लास्टिक मुळात तिला झटकून टाकतं. उकळत्या पाण्यात काही सेकंद धरून निबेवर दाबली की दोन्हींमधली फट मिटते. तयार मिळते, महाग नाही. फक्त स्वतः कापायच्या भानगडीत पडू नका. मी सहा कापल्या, सहाही वाया गेल्या.

दौत_आणि_टाक
तयार जर्मन युनिट घ्या. योवो किंवा बॉक, ६ नंबर. निब, जीभ, आट्यांचं नळकांडं सगळं एकत्र, फिरवलं की बसलं. दात्यांची फणी कारखान्यात मापात झालेली असते.

नाशिककर_७१
जर्मन युनिटला +१. आणि शाई बदला.

पन्हाळगड_पायथा
युनिटसाठी आतले आटे पाडायला ०.५ मिमी पिचचा खास टॅप लागतो. कोल्हापुरात चार दुकानं फिरलो, मिळाला नाही. मागवला तो युनिटपेक्षा महाग पडला.

ठाणेकर_स्नेहल
काका, निब_जुळारी म्हणताहेत ते ऐका. तयार एबोनाइटची जीभ घ्या, स्वतः कापू नका.

भोसरीचा_फिटर
मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय. सगळ्यांनी कापू नका सांगितलं होतं, पण एबोनाइटचा दांडा घरात होता आणि हात स्वस्थ बसेना. जीभ मीच कापली. पहिल्या चार वाया गेल्या, पाचवी बसली.

शाईच्या चिरा सोनाराच्या करवतीने पाडल्या, ४/० चं पातं, जाडी सुमारे ०.२२ मिमी. दोन चिरा. त्यांच्यावर हवेसाठी १.५ मिमी रुंद खाच. पहिल्या दोन जिभांना चिरा खाचेच्या तळापर्यंत नेल्याच नव्हत्या, शाई उतरेचना. तिसरीला खाच इतकी खोल गेली की कागदावर पाऊस. चौथी दाते पाडताना तुटली, एबोनाइट काचेसारखं तडकतं, टूलबिटला धार असेल तरच कापावं. पाचवीला नऊ दाते पाडले, प्रत्येक फट ०.३ मिमी. मग निबेवर ठेवून उकळत्या पाण्यात धरून दाबली, निब_जुळारी यांनी सांगितलं तशी.

अणुरेणू सरांचा हिशोब कागदावर मांडला आणि बॉडीत एबोनाइटचा बुश (आतून नळी) बसवला. व्यास ९ चा ६.५ मिमी केला. आता जेमतेम २ मिली मावते. भिंत जाड झाल्यामुळे हाताची ऊबही उशिरा पोचते. टोपणात आतली कुपी केली. आणि हो, तेल होतंच. धुतल्यावर पाण्यावर तवंग आला.

थेंब पडायचा थांबला. शाई पाव उरेपर्यंत दोन तास लिहिलं, काही नाही. सकाळी पहिलंच अक्षर उमटतं. शाई तीच ठेवली. खर्च दांडा धरून ४०० रुपये झाला.

एक दोष उरलाय. भरभर लिहिलं की पानाच्या तळाशी रेघ फिकी पडते.

निब_जुळारी
काका, मनापासून अभिनंदन. मला सहांत जमलं नाही ते तुम्हाला पाचांत जमलं. फिकी रेघ म्हणजे शाई मागणीइतकी पोचत नाही. तिसरी चीर पाडा, पण आहे त्या दोन रुंद करू नका.

अणुरेणू
सहमत. रुंद केल्यात तर चिरेची ओढ कमी होते. ०.२२ मिमीच्या फटीत शाई साधारण चार सेंटिमीटर चढते, १.५ मिमीत सहा-सात मिलिमीटरच. म्हणून अरुंद चिरा शाईला आणि रुंद खाच हवेला. पेनाचा फोटो टाका, वर्गात दाखवायचा आहे.

वर्धेकर
असंच एक माझ्यासाठी कराल का काका? पैसे आगाऊ देतो.

भोसरीचा_फिटर
आधी तिसरी चीर पाडतो, नातीची परीक्षा सोमवारपासून आहे आणि तिला हेच पेन न्यायचं आहे. फोटो उद्या उजेडात काढून टाकतो, सर. वर्धेकर, पैशांचं नंतर बघू. तुमच्या हाताची पकड सांगा, जाड पेन लागतं की बारीक?