गुरगुरणारा कुत्रा बरा

'शेपूट हलतंय म्हणजे कुत्रा खूश' असं कुत्र्याचा मूड कसा ओळखायचा या चर्चेत वर दोघांनी लिहिलंय, ते अर्धंच खरं आहे. शेपूट हलतंय म्हणजे स्वारी उत्तेजित झालीय, एवढंच. कंबरेपासून सैल डुलणारं शेपूट वेगळं आणि काठीसारखं ताठ उभं राहून नुसतं टोक थरथरणारं वेगळं. २००७ साली इटलीतल्या संशोधकांना तर मालक दिसला की शेपूट उजवीकडे जास्त जातं आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे, असं आढळलं होतं. अर्थात ठाण्यात घोडबंदर रोडच्या गर्दीत ते निरखत कोण उभं राहणार!

पण गुरगुरण्याचा विषय कुणीच काढला नाही. उपवन तलावाजवळून आणलेला आमचा मोत्या जेवताना कुणी ताटलीजवळ गेलं की गुरगुरायचा. मी दर वेळी दरडावायचो. दोनेक महिन्यांत आवाज बंद, मी खूश. मग एका रविवारी भाचा चेंडू घ्यायला वाकला आणि ह्याने गुपचूप मनगट धरलं. नळाखाली साबणाने १५ मिनिटं धुतलं, तिथून थेट लशीला. नंतर आठवलं, चावायच्या आधी तो खायचा थांबला होता. तोंड ताटलीतच, अंग गोठलेलं, डोळ्याचा पांढरा भाग दिसत होता. भीती तशीच होती, इशाऱ्याचा भोंगा तेवढा मी काढून टाकला होता. आता ताटलीजवळून जाताना लांबूनच चिकनचा तुकडा टाकतो. परवा पहिल्यांदाच त्याने माझ्याकडे बघून मान सैल सोडली.