क्योटोत आधी सायकलच घ्या
नव्याने क्योटोत आल्यावर बसचा पास काढावा की सायकल घ्यावी, असं विचारलंय. माझं ऐकाल तर आधी सायकल! तीन बाजूंना डोंगर, रस्ते बुद्धिबळाच्या पटासारखे सरळ, उत्तरेकडे हलका चढ. पत्त्यांतही ‘आगारु’ म्हणजे उत्तरेला, ‘सागारु’ म्हणजे दक्षिणेला. हे कळल्यावर मला नकाशा फारसा लागलाच नाही.

पहिल्या सुट्टीला कामो नदीच्या काठाकाठाने देमाचियानागीला जा. तिथे ताकानो नदी येऊन मिळते. पात्रात कासवांच्या आकाराचे दगड आहेत, पोरं त्यांवरून उड्या मारत पलीकडे जातात. मी तर तासभर नुसती बघत बसले होते.

रहदारी आपल्यासारखीच डावीकडून. सायकलची नोंदणी मात्र घेतानाच करा, आणि दिसेल तिथे लावू नका, उचलून नेतात. शिजो या शहराच्या मध्यातल्या बाजाराच्या रस्त्यावरच्या गर्दीत तर उतरून हातात धरूनच चाला.