मदत हवी आहे: एकाच नावाचे दोन शेतकरी, त्यातले आमचे कोणते? (नॉर्थ कॅरोलायना, सासरची वंशावळ)

नमस्कार मंडळी,

अमेरिकेतले जुने सरकारी कागद हाताळलेलं इथे कोणी असेल तर थोडा सल्ला हवा आहे. सासरच्या घराण्याची वंशावळ लावतेय आणि एका पिढीवर घोडं अडलंय.

आधी पार्श्वभूमी. नवरा नॉर्थ कॅरोलायनाचाच, शार्लटला वाढलेला. पण घराणं पश्चिमेकडच्या अ‍ॅपलेशियन डोंगरातलं, स्वेन काउंटीतल्या हेझल क्रीकच्या खोऱ्यातलं. तिथे आज वस्ती नाही. लिटल टेनेसी नदीवर टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीने (पुढे टीव्हीए) १९४२ ते ४४ मध्ये युद्धाच्या घाईत फॉन्टाना धरण बांधलं. अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यांना वीज हवी होती. नदीकाठचा रस्ता पाण्याखाली गेला आणि रस्त्याविना उरलेली उत्तर काठावरची सुमारे ४४,००० एकर जमीन ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानाला देऊन टाकली. बुडालेल्या रस्त्याच्या बदल्यात नवा बांधून देऊ, असा १९४३चा करार आहे. थोडा बांधलाही, पण एक बोगदा खणून सोडून दिला. शेवटी २०१० मध्ये केंद्र सरकारने रस्त्याऐवजी काउंटीला ५ कोटी २० लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. म्हणजे सासरची मंडळी चक्क धरणग्रस्त. सासरे १९३९चे, गाव सुटलं तेव्हा जेमतेम पाचेक वर्षांचे.

नंतर भाऊबंद पांगले. एक पाती गॅस्टन काउंटीत सूतगिरण्यांकडे गेली, एक थेट वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट काउंटीला लाकूडतोडीच्या कामावर. (तिकडे या डोंगरातली इतकी माणसं गेली आहेत की सासऱ्यांना तिथल्या फोनवर गाववाल्यांचाच हेल ऐकू येतो.)

आता गुंता. उन्हाळ्यात उद्यानाचे लोक वारसांना बोटीने तळ्यापलीकडे नेतात, जुन्या दफनभूमी झाडूनपुसून फुलं वाहायला. डेकोरेशन डे म्हणतात त्याला. गेल्या खेपेला मीही गेले होते. निम्म्या कबरींवर नावच नाही. ओढ्यातला चपटा दगड उभा रोवलेला, वर मातीचा वरंबा ओढलेला, त्यावर प्लास्टिकची फुलं. सासऱ्यांनी एका दगडाकडे बोट केलं आणि म्हणाले, हे माझे पणजोबा. त्यांच्या नात्यातल्या एक आत्या, वय नव्वदीच्या पुढे, त्या म्हणाल्या, छे, हे त्याच नावाचे दुसरे, यांचा आपल्याशी संबंध चुलतपणाचा. जेवणं होईपर्यंत दोघं भांडत होते, आणि परत येताना बोटीत दोन टोकांना बसले.

कागदावर जे आहे ते असं. (घरातली माणसं हयात आहेत, म्हणून नावं देत नाही. दोन बायकांना 'म' आणि 'स' म्हणते.)

१८८० च्या जनगणनेत त्या भागात एकाच नावाचे दोन पुरुष. एक २८ वर्षांचा, बायको 'म', तीन लहान मुलं. दुसरा २७ वर्षांचा, अविवाहित, आईवडिलांच्या घरात. त्याच वर्षीच्या शेतीच्या यादीत पहिल्याचीच नोंद आहे: ३५ एकर लागवडीखाली, २२० एकर जंगल, दोन बैल, चार गाई, अकरा मेंढ्या, २५० बुशेल (धान्याचं जुनं माप) मका, ४० पौंड मध. ही यादी माझी सर्वात लाडकी आहे. माणूस कसा जगत होता ते कुठल्याच दाखल्यातून इतकं कळत नाही.

१८९० ची जनगणना १९२१ मध्ये वॉशिंग्टनला लागलेल्या आगीत जवळजवळ सगळी गेली. त्यामुळे वीस वर्षांचं भगदाड.

१९०० ला त्या नावाचा एकच माणूस उरतो, वय ४८. बायको मात्र 'स', वय ३४, लग्नाला १२ वर्षं. घरात सहा मुलं: १७ वर्षांची मुलगी, मार्च १८८६ चा जन्म असलेला मुलगा (हेच सासऱ्यांचे आजोबा), आणि ११, ९, ६ व २ वर्षांची चार.

आजोबांच्या जन्माचा दाखला नाही. राज्यात सक्तीची जन्मनोंद १९१३ पासून. १९१८ च्या लष्करी नोंदणीच्या कार्डावर सहीच्या जागी नुसती फुली. मृत्यूच्या दाखल्यावर आईचं नाव 'स' लिहिलंय. आत्याबाई ठामपणे 'म' म्हणतात.

तर प्रश्न:
'म'चा नवरा आणि 'स'चा नवरा एकच माणूस की दोन? आणि हे सिद्ध करायला कुठला कागद चालेल?

माझ्याकडे १८९४ चं एक विक्रीखतही आहे, त्याच नावाच्या माणसाने जमीन विकल्याचं. हद्दी सगळ्या झाडाझुडपांच्या आहेत. 'ओढ्याच्या काठच्या चेस्टनटपासून सुरुवात, तिथून उत्तरेला ४० पोल एका खुंटीपर्यंत' वगैरे. चेस्टनटची झाडं तर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात करप्याने देशभर मेली, त्यामुळे ती जागा आता शोधायची कशी तेही सांगा.

सासऱ्यांची तब्येत फारशी बरी नसते. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

प्रतिसाद १ : जुना_कागद

छान धागा. एक पोल म्हणजे साडेसोळा फूट. ४० पोल म्हणजे ६६० फूट, अख्खा एक फर्लांग. ते राहू दे.

आधी १९०० च्या पानावर परत जा. बायकांच्या रकान्यात 'किती मुलं झाली, किती हयात' असे दोन आकडे असतात. 'स'समोर काय आहे?

धागालेखिका

पाच झाली, चार हयात.

प्रतिसाद : जुना_कागद

मग अर्धं उत्तर तिथेच आहे. घरात मुलं सहा, तिची हयात चार. लग्न १२ वर्षांपूर्वीचं, म्हणजे १८८८ च्या आसपासचं, आणि ११ ते २ वयाची चार मुलं त्यात चपखल बसतात. वरची दोन तिची नाहीत. आजोबांची आई 'स' नव्हे, हे जवळपास नक्की. मृत्यूच्या दाखल्यावर माहिती देणारा कोण आहे ते बघा. बहुतेक मुलगा असेल, आणि त्याने आजी म्हणून 'स'लाच पाहिलं असणार. जन्माच्या बाबतीत मृत्यूचा दाखला म्हणजे ऐकीव पुरावा.

नवरा एकच का, हा प्रश्न मात्र यातून सुटत नाही. दोन पोरांना त्याच नावाच्या दुसऱ्या माणसाने, म्हणजे चुलत्याने सांभाळलेलं असू शकतं. पाळलेल्या मुलालाही यादी करणारे सर्रास 'मुलगा' लिहीत.

प्रतिसाद : डोंगरवाट

डीएनए चाचणी करून टाका, विषय संपला.

प्रतिसाद : जुना_कागद

नाही संपत. दोघं एकाच घराण्यातले चुलत असतील तर बापाकडचा धागा सारखाच दिसणार. 'म'च्या माहेरच्या वंशजांशी सासऱ्यांचं जुळतं का, एवढं फक्त त्यातून कळेल. आणि ते आपण जनगणनेवरून आधीच काढलंय.

लग्नाचा परवाना शोधा. नॉर्थ कॅरोलायनात १८६८ नंतरच्या परवान्यावर सहसा वर-वधूच्या आईवडिलांची नावं असतात. १८८८ च्या परवान्यावरचे वराचे आईवडील आणि १८८० ला त्या अविवाहित माणसाच्या घरातले आईवडील ताडून बघा. स्वेन काउंटीचं ठाणं ब्रायसन सिटी, तिथे रजिस्टर ऑफ डीड्सकडे (दस्तनोंदणी कचेरीत) विचारा. तिथे नसेल तर डोंगराच्या धारेपलीकडे टेनेसीतल्या ब्लाउंट काउंटीत बघा. फक्त तिकडच्या परवान्यावर आईवडील मिळण्याची आशा धरू नका.

आणखी मागे जाणार असाल तर ध्यानात ठेवा, स्वेन काउंटी १८७१ मध्ये जॅक्सन आणि मॅकनचे तुकडे जोडून झाली. त्याआधीचे कागद त्या दोन काउंट्यांत. माणूस जागचा हललेला नसतो, तालुका बदललेला असतो.

प्रतिसाद : पाटणकर

वंशावळीतलं मला कळत नाही, पण आमचं मूळ गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे. आमच्या घराण्याची माहिती शेवटी पुनर्वसनाच्या फायलीतच सापडली. कुटुंबात कोण, गुरं किती, घर कसं, सगळं. तिकडच्या धरणवाल्यांनी असं काही केलं नव्हतं का?

प्रतिसाद : जुना_कागद

मुद्द्याचं बोललात. टीव्हीएनेही उठवलेल्या कुटुंबांची पाहणी केली होती, आणि कबरी हलवताना जवळच्या वारसाची संमती घेतली जाई. तो वारस स्वतःला मृताचा कोण म्हणवतो, हे तुमच्या भांडणात लाखमोलाचं. टीव्हीएचे जुने कागद अटलांटाजवळ मॉरो इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

धागालेखिका, त्या विक्रीखताचं शेवटचं पान नीट वाचलंत का? त्या काळी विवाहित माणसाने जमीन विकली की बायकोला नवऱ्यापासून बाजूला घेऊन 'स्वखुशीने सही करतेस ना' असं विचारत आणि तसं लिहून ठेवत. तिचं नाव तिथे असेल. शिवाय विकणाऱ्याकडे ती जमीन कुठून आली ते बघा. राज्याकडून मिळालेली असेल तर मूळ सनद रॅलेच्या राज्य अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट दिसते.

धागालेखिका

जुना_कागद, तुम्हाला दंडवत. काल रात्री बसून दोन्ही काढलं.

विक्रीखताच्या शेवटच्या पानावर बायको 'स' आहे. आणि त्याच नावाच्या माणसाला १८७६ मध्ये मिळालेली राज्याची सनदही सापडली. सुरुवात ओढ्याकाठच्या चेस्टनटपासूनच, तिथून उत्तरेला ४० पोल, पुढच्या तीन दिशाही शब्दशः त्याच. म्हणजे जी जमीन १८७६ ला घेतली तीच १८९४ ला विकली. १८८० च्या शेतीच्या यादीत त्या नावाने शेत एकाचंच, 'म'च्या नवऱ्याचं. मला तरी आता एकच माणूस दिसतोय: 'म' १८८६ ते ८८ च्या दरम्यान गेली आणि त्याने 'स'शी दुसरं लग्न केलं.

प्रतिसाद : जुना_कागद

मलाही तसंच वाटतं. पण दुसऱ्याने वडिलांच्या घरात राहून स्वतःच्या नावावर सनद घेतलेली असू शकते आणि जमीन नुसती पडून असेल. परवाना हाती येईपर्यंत सासऱ्यांना 'बहुतेक' म्हणूनच सांगा. आणि तो कबरीचा दगड कोणाचा, हे यातल्या एकाही कागदाने ठरत नाही हेही सांगा.

धागालेखिका

दगडाचं सांगितलं. आत्याबाईंनाही फोन केला. 'म'बद्दल त्यांचं खरं निघालं म्हणून खूश आहेत, दगडाबद्दल मागे हटायला तयार नाहीत. त्यांचं म्हणणं, दुसऱ्या माणसाला १८९९ च्या हिवाळ्यात पुरला तो तिथेच, त्यांच्या आईने त्यांना दाखवलेला.

परवान्यासाठी ब्रायसन सिटीला अर्ज पाठवलाय. आता राहिलं मॉरो. अटलांटाच्या आसपास राहणारं कोणी येत्या महिन्यात त्या अभिलेखागारात जाणार असेल, किंवा तिथे आधी काम केलेलं असेल, तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. फॉन्टानाच्या दफनभूमींच्या फायली आणि हेझल क्रीकच्या कुटुंबांची पाहणी, एवढंच बघायचंय. घराण्याचं नाव आणि दफनभूमीचं नाव व्यनितून कळवते, झेरॉक्सचा खर्च माझा.