रविवारची नान्नज सहल : निघण्याआधी सगळ्यांनी वाचा

ए-१०२ काका : रविवारी सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोक पक्ष्याच्या अभयारण्यात कोण कोण येतंय? पहाटे साडेपाचला सोसायटीच्या गेटवर जमू. बार्शी रोडनं फार लांब नाही.

बी-३०४ : आम्ही चौघं. ब्लूटूथ स्पीकर घेतो, पोरांना गाणी लागतात.

सी-२०१ ताई : दादा, स्पीकर घरीच राहू द्या. आणि मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज लावून त्यांना बोलवायचं नाही, हे मुलांनाही सांगा. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं वाटून पक्षी स्वतःचं खाणं सोडून त्याला शोधत बसतो.

ए-४०२ : पण ताई, नुसतं मोकळं माळरान ते. झाडी नाही, काही नाही. एवढं काय जपायचं?

सी-२०१ ताई : काका, झाडी नाही म्हणून तर जास्त जपायचं. तिथं सगळा संसार जमिनीवर असतो. टिटवी, चंडोल, धाविक यांची अंडी मातीच्या रंगाची, पायाशी असली तरी दिसत नाहीत. माळढोकाची मादी बहुतेक वेळा एकच अंडं घालते, तेही उघड्यावर. आत्ता थंडीत मध्य आशियातून आलेले भोवत्या हे शिकारी पक्षी रात्री गवतातच उतरून झोपतात. म्हणून वाट सोडायची नाही आणि फोटोसाठी गाडी गवतात घालायची नाही, कितीही मोह झाला तरी.

बी-१०३ वहिनी : माळढोक दिसेल ना पण? मुलगी आठवडाभर तेच विचारतेय.

सी-२०१ ताई : वहिनी, तिला आधीच खरं सांगा. १९७९ साली अभयारण्य त्याच्यासाठीच झालं, पण आता तो तिथं क्वचितच दिसतो. काळवीट मात्र बघायला मिळतील. एक गोष्ट तिला नक्की सांगून ठेवा. गवतात एकटं पाडस बसलेलं दिसलं तर ते टाकून दिलेलं नसतं. आई त्याला लपवून चरायला जाते आणि दूध पाजायला परत येते. ते हलत नाही, कान मागे पाडून जमिनीला चिकटून बसतं. लोकांना दया येते आणि ते उचलून आणतात. त्यात त्याची आई कायमची तुटते. हात न लावता, आवाज न करता मागे फिरायचं आणि वनरक्षकांना सांगायचं.

बी-३०४ : आमचा टॉमी साखळीनं बांधून आणला तर?

सी-२०१ ताई : नको दादा, बांधूनही नको. तिथं लांडगे आणि खोकड, म्हणजे छोटे कोल्हे, आहेत. कुत्र्यांचे डिस्टेंपर आणि रेबीज हे आजार त्यांनाही होतात. वासानंच काळवीट बिथरतात ते वेगळं.

ए-१०२ काका : विडी-सिगरेटचं मी सांगतो. गवत वाळून कोळ झालंय, एका ठिणगीत सगळा माळ पेटेल. ज्यांना लागते त्यांनी पाकीटच घरी ठेवायचं. वन्यजीव कायद्याखाली गुन्हाही आहे.

ए-४०२ : पटलं. ड्रोनही आणत नाही मग. नाश्त्याचं काय?

बी-१०३ वहिनी : कडक भाकरी आणि शेंगाचटणी मी करते. ताटल्या प्रत्येकानं घरच्या आणा, कागदी नकोत. खाऊ आपण परतताना, अभयारण्याच्या बाहेर.

सी-२०१ ताई : छान. कपडे मातकट, भडक नकोत. बूट घाला, कुसळं मोज्यात घुसली की दिवसभर टोचतात. कुणाला घरटं सापडलंच तर फोटो, लोकेशन कुठंच टाकू नका, या ग्रुपवरसुद्धा. आत जायची परवानगी आणि नोंद काका बघतायत ना?

ए-१०२ काका : हो. नावं आणि गाडी नंबर आज रात्रीपर्यंत मला पाठवा.